फ्रेममधून पुसलेला हात

पूर्वी फोटोग्राफर म्हणायचा, ‘इकडे बघा.’ आता म्हणतो, ‘इकडे बघू नका.’ कुटुंबाच्या फोटोत अलीकडे झालेला सगळा बदल या दोन वाक्यांत मावतो. लाइफस्टाइल फोटोग्राफी या नावाने जे काम चालतं, त्यात स्टुडिओत जावं लागत नाही, मागे रंगवलेला पडदा नसतो. फोटोग्राफरच घरी येतो. सकाळचं ऊन खिडकीतून पलंगावर आलेलं असतं, आईबाबा फिक्या रंगाच्या सुती कपड्यांत असतात, बाबा बाळाला वर उडवतो, आई खळखळून हसते आणि कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पुण्यात, ठाण्यात, नाशकात डोहाळजेवणापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत अशा शूटची पॅकेजं मिळतात. परदेशातल्या नातवंडांचे असेच फोटो इथल्या आजीआजोबांच्या फोनवर येऊन पडतात. वचन सगळीकडे सारखंच असतं: तुमच्या घरातले खरे क्षण, जसे आहेत तसे.

पण ‘बघू नका’ हाही हुकूमच आहे. फरक एवढाच, की पहिला हुकूम फोटोत उमटायचा. ताठ माना आणि रोखलेल्या नजरा पाहून कुणालाही कळायचं, की समोर कुणीतरी उभं आहे आणि त्याने यांना बसवलंय. दुसरा हुकूम मात्र मागमूस ठेवत नाही. म्हणून खरेपणाची चर्चा ‘पोज की सहज’ या खुंटीला टांगून ठेवली, तर ती पुढे सरकत नाही. प्रश्न वेगळा विचारायला हवा. हा क्षण ज्या हातांनी उभा केला, ते हात फोटोत आहेत का? की ते पुसून टाकले आहेत? कुटुंबाच्या फोटोचा खरेपणा या कसोटीवर ठरतो असं मला वाटतं, आणि या कसोटीवर सहज दिसणारे पुष्कळसे फोटो नापास होतात.

हात पुसण्याची ही रीत फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. लुई दागेरचं तंत्र १८३९मध्ये पॅरिसला जाहीर झालं, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटं लागत. माणसाचं डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावावा लागे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४मध्ये. तोवर काचेवरच्या नव्या रसायनांमुळे वेळ सेकंदांवर आला होता, पण तान्ह्या बाळाला तेवढे सेकंदही स्थिर ठेवणं अवघड. त्यावर युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी तोडगा काढला. आईने खुर्चीवर बसायचं, तिच्यावर शाल किंवा पडद्याचं कापड टाकायचं आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचं. फोटोत बाळ एका विचित्र आकाराच्या, कापडाने झाकलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं दिसायचं. कधी लंबगोल चौकटीच्या पुठ्ठ्याने उरलेली आई झाकली जायची, कधी प्रिंटवर तिचा चेहराच खरवडून काढलेला असायचा. एकोणिसाव्या शतकातले असे कितीतरी फोटो आज संग्राहकांकडे आहेत. बाळ स्थिर राहिलं ते आईच्या हातांमुळे, आणि फोटो चांगला ठरला तो ते हात दिसले नाहीत म्हणून.

आजच्या नवजात बाळांच्या फोटोत तेच घडतं. काही दिवसांचं बाळ कोपरांवर उभं राहून दोन्ही तळव्यांत हनुवटी टेकवून झोपलंय, असा एक फोटो फार लोकप्रिय आहे. त्या वयात मान स्वतःची स्वतः सावरत नाही, मग हे होतं कसं? जबाबदार फोटोग्राफर दोन फोटो काढतात. एकात कुणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग संगणकावर दोन्ही जोडून धरणारे हात पुसले जातात. दीडशे वर्षांत तंत्र पार बदललं, पण बाळाला आधार देणारा हात फोटोबाहेर ठेवायची खोड तशीच राहिली.

आपल्या घरांतल्या जुन्या समूहफोटोंची आपण थट्टा करतो. मध्यभागी काठी घेतलेले आजोबा खुर्चीवर, शेजारी आजी, मागे उभे मुलगे, त्यांच्याही मागे डोक्यावर पदर घेतलेल्या सुना, पुढे सतरंजीवर नातवंडं. हसू कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. या फोटोला खोटा म्हणणं सोपं आहे. पण तो नीट वाचला तर घराची सगळी उतरंड त्यात सापडते. कोण बसलंय, कोण उभं आहे, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे, कोणती सून कडेला गेलीय, हे सगळं त्यात आहे. पोजने घराचं स्वतःविषयीचं मत नोंदवलं. ते मत आपल्याला पटो न पटो, त्याने लपवाछपवी केली नाही. पुढच्या रांगेतलं एखादं पोर हललेलं असायचं, त्याचा चेहरा पुसट यायचा. तो फोटो तसाच भिंतीवर लागायचा, कारण पुन्हा काढायला पैसे नव्हते. त्या पुसट चेहऱ्यात त्या पोराचा स्वभावही उमटून जायचा.

मग कॅमेरा घरात आला. कोडॅकने १८८८मध्ये सामान्य माणसाला चालवता येईल असा कॅमेरा बाजारात आणला आणि १९००मध्ये ब्राउनी आणला, तो एक डॉलरला. आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या हातात बऱ्याच उशिरा आग्फाचा क्लिक थ्री आला. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे कॅमेरा बाहेर निघायचा तो सहलीला, वाढदिवसाला, मुंजीला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६५मध्ये सहकाऱ्यांबरोबर हौशी फोटोग्राफीवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना दिसलं होतं की घरात मूल असेल तर कॅमेराही असण्याची शक्यता वाढते. कॅमेरा हे कुटुंबाने स्वतःला कुटुंब म्हणून दाखवण्याचं साधन होतं. यात एक साधी अडचण होती: कॅमेरा धरणारा माणूस फोटोत नसायचा. बहुतेक घरांत तो वडील किंवा काका. म्हणून अनेक अल्बममध्ये महाबळेश्वरला सगळे गेले, पण बाबा गेलेच नाहीत असं वाटतं. आणि आई? ती आहे, पण सणाच्या साडीत, पदर सारखा करून, कामातून पाच मिनिटं बोलावून आणलेली. तिचं काम फोटोत नाही.

काम फोटोत का नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात आढळलं. म्हणजे घरातल्या बाईचे पाच तास रोज ओट्याशी, मोरीशी, धुण्याशी आणि आवराआवरीत जातात. लाइफस्टाइल फोटोग्राफीचं म्हणणं असं, की ती रोजचं जगणं टिपते. मग हे पाच तास तिच्या फोटोत दिसायला हवेत. दिसतं काय? आई पलंगावर लोळत बाळाशी खेळतेय. दिवाळीचा फोटो असेल तर तिच्या हातात पणती असते, सोऱ्या नसतो. बोरन्हाणाच्या फोटोत बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने झळकतात, पण मंद आचेवर तासन्‌तास हलवा फुलवणारी आजी त्यात नसते. गणपतीच्या आरतीचा फोटो टाळ-झांजांसह येतो. मोदकांच्या कळ्या पाडणारी बोटं कधी तरी अपवादानेच येतात, आणि तीही चेहऱ्याविना.

एक हात तर याहूनही जास्त पुसलेला असतो. शहरांतल्या ज्या घरांना असं शूट परवडतं, त्यांतल्या कित्येक घरांत मूल दिवसभर सांभाळतात त्या मावशी. मुलाला पहिला घास भरवताना त्या असतात, पहिलं पाऊल पडतं तेव्हाही बहुधा त्याच असतात. शूटच्या दिवशी त्या आतल्या खोलीत असतात, किंवा फोटोग्राफरच्या मागे उभ्या राहून खुळखुळा वाजवत मुलाचं लक्ष वेधत असतात. मूल ज्या दिशेला बघून मनापासून हसलंय, त्या दिशेला मावशी आहेत. फोटो पाहणाऱ्याला हे कधी कळत नाही. ब्रिटिश काळातल्या फोटोंत इंग्रज मूल आयेच्या मांडीवर असायचं. मुलाचं नाव लिहिलेलं असे, तिच्या नावाच्या जागी नुसतं ‘आया’. आपण त्याही मागे गेलो आहोत. आपल्या फोटोत ती मांडीसुद्धा नाही.

कुणी म्हणेल, फोटोग्राफरने सांगून घडवलेलं सगळंच खोटं, असं तुमचं म्हणणं आहे काय? नाही. फ्रेंच फोटोग्राफर रोबेर द्वानो यांचा १९५०चा पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या चुंबनाचा फोटो जगभर पोस्टरवर गेला. रस्त्यात अचानक दिसलेलं प्रेम, अशी त्याची ख्याती. १९९०च्या दशकात या फोटोवरून प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा द्वानोंनी सांगितलं की ती जोडी अभिनय शिकणारी होती आणि त्यांनीच तिला चुंबन घ्यायला सांगितलं होतं. पण ते दोघं त्या वेळी खरोखरच एकमेकांच्या प्रेमात होते. मग या फोटोत खोटं काय होतं? प्रेम खोटं नव्हतं. योगायोग खोटा होता. बघणाऱ्याला वाटत राहिलं की कुणीच काही सांगितलं नाही. सांगणाऱ्याचा हात लपला होता.

उलट उदाहरण फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांचं. आई गेल्यावर ते तिचे फोटो चाळत होते. एकाही फोटोत त्यांना ती सापडेना. सापडली ती १८९८च्या एका फोटोत. पाच वर्षांची ती मुलगी भावाबरोबर काचेच्या हरितगृहात उभी आहे. मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करून काढलेला फोटो, म्हणजे पोजच. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी या फोटोवर पानंच्या पानं लिहिली, पुस्तकात इतर कितीतरी फोटो छापले, हा मात्र छापला नाही. इतरांसाठी तो कुठल्याही मुलीचा एक सामान्य जुना फोटो ठरला असता. यातून मी दोन गोष्टी घेतो. पोज असूनही फोटो खरा असू शकतो. आणि कुटुंबाच्या फोटोला सगळ्या जगाच्या पसंतीची गरज नसते. इन्स्टाग्रामवर दिसायला हवा म्हणून काढलेल्या फोटोचा प्रेक्षक आधीच बदललेला असतो. तो फोटो घरातल्या माणसांसाठी उरतच नाही.

हात पुसण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एका आईच्याच फोटोत आहे. १९३६मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ शेतमजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन या बाईचा मुलांसह फोटो काढला. मंदीच्या काळातल्या अमेरिकेचा तो चेहराच बनला. फोटोच्या कडेला, खाली उजवीकडे तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आला होता. काही वर्षांनी लँग यांनी तो निगेटिव्हवर पुसट करून घेतला, कारण रचनेत तो खुपत होता. फोटो अधिक सुबक झाला, यात शंका नाही. पण तो अंगठा खांब धरून होता. सुबकपणासाठी जे आधी जातं ते बहुधा असंच काहीतरी धरून ठेवणारं असतं.

आता यंत्रही या कामाला लागलं आहे. गूगलच्या पिक्सेल ८ फोनात २०२३मध्ये ‘बेस्ट टेक’ नावाची सोय आली. समूहफोटो लागोपाठ काढायचे आणि प्रत्येकाचा चांगला आलेला चेहरा वेगवेगळ्या फोटोंतून उचलून एकाच फोटोत बसवायचा. आजोबांचे डोळे मिटलेले नाहीत, धाकटा रडत नाही, वहिनी दुसरीकडे बघत नाही. या फोटोतला प्रत्येक चेहरा खरा आहे. सगळे मिळून असे मात्र एका क्षणीही नव्हते. घरातली माणसं एकाच वेळी खूश नसतात. घर म्हणजे तेच तर असतं. ती विसंगती काढून टाकली की उरतं ते कुणाच्याही घराचं शुभेच्छापत्र.

एवढं बोलून मी या धंद्यातल्या चांगल्या माणसांवर अन्याय करू इच्छित नाही. मन लावून काम करणारे लाइफस्टाइल फोटोग्राफर काय करतात, हे जवळून पाहिलं तर त्यांच्याविषयी आदरच वाटतो. ते फ्लॅश टाळतात, खिडकीचा उजेड कुठे पडतो ते बघून त्या खोलीत बसतात, चहा घेतात, पहिला तासभर जवळजवळ काहीच काढत नाहीत. मूल आधी कॅमेऱ्याकडे बघून तोंडं करतं, मग कंटाळतं, मग विसरतं. त्या विसरण्याची वाट बघणं हेच या कामातलं कसब आहे. आणखी एक गोष्ट ते करतात, जी घरच्या कॅमेऱ्याला कधी जमली नाही: आई आणि बाबा दोघांनाही ते एकाच चौकटीत आणतात. ‘तिला पहिल्यांदा कुठे भेटलात ते सांगा ना’ असं म्हणून त्यांनी हसवलं, तर ते हसू नकली ठरत नाही. गप्पांना विषय कुणीही दिला तरी गप्पा आपल्याच असतात.

बिघाड होतो तो वेळेच्या हिशेबात. एक तास, तीन खोल्या, पन्नास निवडक फोटो, सगळ्यांवर एकच मऊ, पिवळसर छटा. तासाभरात विसरणं घडत नाही. मग विसरल्याचा अभिनय करवून घ्यावा लागतो. आधी सूचना येते, ‘घर जरा मोकळं करून ठेवा.’ भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं जातं, ज्यावर दुधाचे खाडे टिपलेले असतात. औषधांचा डबा, खिडकीच्या गजांना लटकवलेले कपडे, कुकर, शाळेचं दप्तर, सगळं आत ढकललं जातं. तीस वर्षांनी ते मूल हा फोटो बघेल, तेव्हा त्याला आपला गोड चेहरा बघायचा नसेल, कारण सगळीच मुलं गोड असतात. त्याला बघायचं असेल की आपण राहत होतो ते घर कसं होतं, आजीचा डबा कुठला होता, आई तेव्हा कशाने दमायची. ल्युमिएर बंधूंनी १८९५मध्ये ओग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या बाळाला भरवताना चित्रित केलं. कुटुंबाच्या अगदी सुरुवातीच्या चलच्चित्रपटांपैकी तो एक. प्रेक्षकांना भुरळ पडली ती मागे वाऱ्याने हलणाऱ्या पानांची, असं सांगतात. ती पानं कुणी हलवली नव्हती. ठरवून न घेतलेल्या गोष्टीच पुढे सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरतात, आणि आपण शूटच्या आदल्या दिवशी नेमकं त्यांनाच घराबाहेर काढतो.

यावरचा एक आक्षेप वजनदार आहे. माणसांना आपलं दमलेपण, पसारा, भांडी जगाला दाखवायची नसतील, तर तो त्यांचा हक्क नाही का? आहे, पुरेपूर आहे. म्हणूनच हा फोटो कुणासाठी, हे आधी ठरायला हवं. अल्बमसाठी काढलेला फोटो आणि जगासाठी काढलेला फोटो यांत आपण सरमिसळ केली, आणि त्यात सर्वांत कमी विचारलं गेलं ते मुलांना. अमेरिकन फोटोग्राफर सॅली मान यांनी १९९२मध्ये आपल्या मुलांच्या उघड्या, मोकळ्या बालपणाचे फोटो पुस्तकरूपाने आणले, तेव्हा गदारोळ झाला आणि आई मुलांच्या वतीने कुठवर होकार देऊ शकते, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४मध्ये कायदाच केला. मुलाच्या प्रतिमेच्या हक्काचं रक्षण आईबापांनी मिळून करायचं आणि वय व समज पाहून मुलालाही त्यात सहभागी करून घ्यायचं. आपल्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, पण घरगुती वापराला कायदा लागू नाही. पालक हाच राखणदार, असं त्यात गृहीत आहे. पालकच प्रकाशक झाला तर काय, हे कायदा विचारत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागेल.

सुंदर दिसायची हौस असेल तर ती जरूर भागवावी. नटूनथटून, कॅमेऱ्याकडे बघून, ताठ बसून एक फोटो काढावा आणि तो पोज म्हणूनच भिंतीवर लावावा. त्यात काहीच कमीपणा नाही. पण ‘खरे क्षण’ मागत असाल तर मागणी बदलायला हवी. फोटोग्राफरला ‘पॅकेज किती’ विचारण्याआधी ‘तुम्ही किती वेळ बसाल’ हे विचारा. कालनिर्णय भिंतीवर राहू द्या. बाळाचं डोकं धरणारा हात पुसू नका. मावशींना विचारा, त्या हो म्हणाल्या तर त्यांना मुलाशेजारी बसवा आणि फोटोच्या मागे तारखेबरोबर त्यांचंही नाव लिहा. नाही म्हणाल्या तर तो नकारही माना. बाबांनी पोळ्या लाटल्या असतील तर तेही येऊ द्या, पण फक्त फोटोपुरत्या लाटल्या असतील तर नको.

यात एक गोष्ट फार अवघड जाणार आहे. घरात ज्या व्यक्तीच्या हातांवर सगळं चाललेलं असतं, तीच बहुधा म्हणते, ‘अगं, माझा कसला काढतेस, केस तरी विंचरू दे, मी अशी अवतारात!’ तिच्या या संकोचामागे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, की काम करतानाचं रूप दाखवण्याजोगं नसतं. तो संकोच हुकमाने जात नाही आणि तासाभराच्या पॅकेजमध्येही जात नाही. तिने आपणहून ‘बरं, काढ’ म्हणेपर्यंत जेवढा वेळ द्यावा लागेल, तेवढी या फोटोग्राफीची खरी किंमत आहे. ती मोजायची तयारी नसेल, तर सरळ स्टुडिओत जावं. तिथला रंगवलेला पडदा निदान पडदा म्हणून तरी दिसतो.